पोर्टेबल ड्राइव्ह घेताना: एक मोठा नको, दोन मध्यम घ्या

लॅपटॉप भरत आला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. बाहेरची हार्ड डिस्क आणायची, सगळे फोटो-व्हिडिओ तिच्यावर टाकायचे आणि लॅपटॉपवरून उडवायचे. जागा होते, पण फोटो आता एकाच ठिकाणी उरतात, आणि ते ठिकाण हातातून पडणारं, रिक्षात विसरलं जाणारं असतं. म्हणून कोणत्या कंपनीचा घ्यायचा, किती टीबीचा घ्यायचा हे प्रश्न नंतरचे. आधी हे ठरवा: या ड्राइव्हवर जे राहणार आहे त्याची दुसरी प्रत कुठे असेल?

उत्तर ‘कुठेच नाही’ असं असेल तर ४ टीबीचा एक घेण्याऐवजी २ टीबीचे दोन घ्या. मोठ्या ड्राइव्हला टीबीमागे दर कमी पडतो, त्यामुळे दोन घेताना थोडे पैसे जास्त जातात. ते जाऊ द्यावेत. शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांचे घ्या, निदान वेगवेगळ्या महिन्यांत घ्या. एका लॉटमध्ये किंवा एका फर्मवेअरमध्ये (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष असला तर जुळे ड्राइव्ह एकाच सुमारास दगा देऊ शकतात. २०२३ मध्ये एका नामांकित कंपनीच्या काही पोर्टेबल एसएसडींबाबत (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हबाबत) नेमकं असंच झालं. चालता चालता ड्राइव्ह गायब होऊ लागले आणि कंपनीला फर्मवेअर अपडेट काढावं लागलं. तिथे सारख्याच दोन एसएसडी घेऊन ठेवल्या असत्या तर दुसऱ्या प्रतीचा भरवसा उरला नसता.

किती टीबी

घरातला डेटा मोजायला पाच मिनिटं लागतात. लॅपटॉपवरचे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप हे फोल्डर निवडा, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फोनमध्ये सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये फोटो आणि व्हिडिओचा आकडा मिळतो. घरातल्या सगळ्यांची बेरीज करा आणि दुपटीने जागा घ्या. ॲपलही टाइम मशीनसाठी (मॅकमधल्या बॅकअपच्या सोयीसाठी) मॅकच्या क्षमतेच्या निदान दुप्पट ड्राइव्ह सुचवतं, कारण बॅकअपमध्ये फायलींच्या जुन्या आवृत्त्याही साठतात.

जागा खातात ते व्हिडिओ. फोनचा साधा फोटो २ ते ४ एमबीचा, म्हणजे दहा हजार फोटो २०-४० जीबीत बसतात. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचा व्हिडिओ मात्र मिनिटाला साधारण १७० एमबी घेतो. तासाला १० जीबी. मुलांच्या गॅदरिंगचे आणि लग्नांचे लांबलचक व्हिडिओ असतील तर त्या हिशेबाने चला. कॅमेऱ्यावर रॉ (प्रक्रिया न केलेले) फोटो काढणाऱ्यांना एकेक फाइल २५ ते ५० एमबीची पडते.

चौघांच्या घराला २ टीबी बहुधा पुरतात. हार्ड डिस्कमध्ये १ आणि २ टीबीच्या किमतीत फारसं अंतर नसतं, त्यामुळे १ टीबी घेण्यात अर्थ नाही. एसएसडीत मात्र किंमत क्षमतेबरोबर जवळजवळ सरळ चढते, तिथे मोजूनमापून घ्या.

२ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये १.८१ टीबीच दिसतो. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. मॅकवर तोच ड्राइव्ह पूर्ण २ टीबी दिसतो.

हार्ड डिस्क की एसएसडी

ड्राइव्ह रोज फिरणार की कपाटात राहणार, यावर हे ठरतं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यावर, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर, डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं. चालू असताना टेबलावरून खाली आली तर हेड तबकडीला घासतं आणि त्या जागेवरचा डेटा कायमचा जातो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-महापेला जाताना किंवा कल्याणच्या फास्ट लोकलमध्ये बॅग चेपली जात असेल, आणि ड्राइव्ह त्याच बॅगेत असेल, तर एसएसडीच घ्या. तिच्यात फिरणारं काही नाही. व्हिडिओ एडिटिंग थेट ड्राइव्हवरून करायचं असेल तरीही एसएसडी.

घरातच राहणाऱ्या बॅकअपला हार्ड डिस्क उत्तम. वेग १०० ते १४० एमबी प्रति सेकंद, म्हणजे १ टीबी भरायला अडीच तासांच्या आसपास. पहिल्यांदाच एवढं लागतं, नंतर रोजचा नवा डेटा काही मिनिटांत जातो. शिवाय हार्ड डिस्क बऱ्याचदा सांगून जाते: आवाज बदलतो, कॉपी अडकायला लागते, खराब सेक्टरांचा (तबकडीवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा वाढतो. एसएसडी एका सकाळी दिसतच नाही, आणि तिच्यातून डेटा काढणंही जास्त अवघड. एसएसडी बिनविजेची वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवण्यासाठी नाही. जेडेक या चिप उद्योगाच्या मानकसंस्थेचं मानक घरगुती वापराच्या एसएसडीकडून, लिखाणाची क्षमता संपलेल्या अवस्थेत, ३० अंशांना बंद ठेवून एक वर्ष डेटा धरण्याची अपेक्षा ठेवतं. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त काळ धरते, तरी दर सहा महिन्यांनी तासभर जोडून ठेवावी.

दोन ड्राइव्ह घ्यायचे तर आमची शिफारस अशी: फिरतीला १ टीबीची एसएसडी, कपाटात २ टीबीची हार्ड डिस्क. फिरती नसेल तर दोन्ही हार्ड डिस्क.

एसएसडी घेताना खोक्यावरच्या ‘१०५० एमबी प्रति सेकंद’ या आकड्याबरोबर आत कोणती फ्लॅश, म्हणजे डेटा ठेवणारी चिप, आहे ते विचारा. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) असेल तर वेग बराच काळ टिकतो. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) असेल तर सुरुवातीचा कॅशेचा, म्हणजे तात्पुरता वेगवान, भाग भरेपर्यंत ती धावते, मग हार्ड डिस्कच्या वेगापर्यंत खाली येते. नावं फसवी असतात. क्रुशियलच्या एक्स९ मध्ये क्यूएलसी आहे, एक्स९ प्रोमध्ये टीएलसी. सॅमसंग टी७ टीएलसी आहे. ५-१० जीबीच्या फायली हलवणाऱ्याला क्यूएलसीने काही बिघडत नाही. लग्नाचं शूटिंग एका दमात ३०० जीबी उतरवणाऱ्याने ती टाळावी.

‘२००० एमबी प्रति सेकंद’ लिहिलेल्या एसएसडींना यूएसबी ३.२ जेन २x२ पोर्ट लागतो. तो फार थोड्या लॅपटॉपना असतो आणि ॲपलच्या बहुतेक मॅकमध्ये तर त्याला आधारच नाही. बाकी सगळीकडे ती एसएसडी निम्म्या वेगाने चालते. जादा पैसे देऊ नका.

हार्ड डिस्क मध्येच का मंदावते

नव्या हार्ड डिस्कबद्दल सर्वांत जास्त तक्रार हीच येते, म्हणून जरा खोलात जाऊ. मोठा फोल्डर कॉपीला लावला. खिडकीत आकडा १२५ एमबी दाखवतो. बरेच जीबी गेले की तो ४० वर येतो, मग २० वर, मध्येच शून्यावर थांबतो, पुन्हा उसळतो. माणसाला वाटतं ड्राइव्ह खराब निघाला, आणि तो केबल ओढून काढतो. तिथे खरं नुकसान होतं.

१ टीबी आणि त्यावरच्या आजच्या बहुतेक अडीच इंची डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. जास्त डेटा बसावा म्हणून तबकडीवरच्या लेखनपट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. मधली एक पट्टी बदलायची तर तिला लागून असलेल्या पट्ट्याही वाचून परत लिहाव्या लागतात. म्हणून डिस्क नवा डेटा आधी एका वेगळ्या राखीव भागात घेते आणि सवडीने जागेवर लावते. राखीव भाग भरला की सवड उरत नाही आणि वेग कोसळतो.

यावर उपाय सोपे आहेत. पहिला मोठा बॅकअप रात्री लावा. लाखभर बारीक फायली असलेले जुने फोल्डर आधी एका झिपमध्ये बांधा आणि ती एकच फाइल पाठवा. कॉपी संपल्यावर डिस्क अर्धा तास तशीच जोडलेली राहू द्या. रोज त्याच फायली बदलत राहायचं काम (व्हिडिओ एडिटिंग, व्हर्च्युअल मशीन) अशा डिस्कवर करू नका. बॅकअपसाठी मात्र एसएमआर चालते.

दुसरी गोष्ट खोक्यावर कधीच लिहिलेली नसते. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि एलिमेंट्सच्या बऱ्याच अडीच इंची मॉडेलमध्ये यूएसबीचा पोर्ट डिस्कच्या मुख्य बोर्डावरच असतो, आत नेहमीच्या साटा पोर्टची, वेगळी काढता येणारी डिस्क नसते. माय पासपोर्टमध्ये तर डेटा हार्डवेअरनेच एन्क्रिप्ट होतो (किल्लीशिवाय वाचता येत नाही अशा रूपात जातो), तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी. याचा अर्थ ड्राइव्ह वाईट असा नाही. पण पोर्ट मोडला तर ‘डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घालू’ हा नेहमीचा मार्ग बंद असतो. अशा ड्राइव्हची केबल फिरवत, ओढत काढू नका, आणि ड्राइव्ह केबलला लोंबकळू देऊ नका.

केबल आणि पोर्ट

हार्ड डिस्कला अजूनही बहुधा तो रुंद, चपटा, मध्ये खाच असलेला मायक्रो-बी पोर्ट असतो. जुन्या अँड्रॉइड फोनच्या चार्जरची पिन त्याच्या एका बाजूला नीट बसते आणि ड्राइव्ह चालतोही. पण तेव्हा तो यूएसबी २.० वर चालत असतो: ३५-४० एमबी प्रति सेकंद, १ टीबीला आठ तास. टाइप-सीतही हीच गंमत होते. फोनच्या चार्जिंगसाठी मिळणाऱ्या कितीतरी टाइप-सी केबलींमध्ये डेटा यूएसबी २.० च्याच वेगाने जातो. ड्राइव्हच्या खोक्यातली केबल वेगळी ठेवा, तिच्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

यूएसबीच्या नावांचा गोंधळ एवढाच लक्षात ठेवा: ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ हे तिन्ही एकच, ५ जीबीपीएस (गिगाबिट प्रति सेकंद; आठ बिटांचा एक बाइट). हार्ड डिस्कला ते भरपूर होतं. १००० एमबीच्या एसएसडीला ३.२ जेन २, म्हणजे १० जीबीपीएसचा पोर्ट हवा.

डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला किंवा स्वतःची वेगळी वीज न घेणाऱ्या स्वस्त हबला हार्ड डिस्क लावली की ती टिक-टिक करते, विंडोजचा जोडल्या-तुटल्याचा आवाज पुन्हा पुन्हा येतो. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००, आणि तबकडी फिरायला लागताना डिस्क त्याहूनही थोडा जास्त मागू शकते. डेस्कटॉपला मागचा पोर्ट वापरा, लॅपटॉपला थेट जोडा, केबल आखूड ठेवा. पोर्ट आणि केबल बदलूनही टिक-टिक राहिली तर मात्र शेवटच्या भागाकडे वळा.

कुठून घ्यायचा, बिलावर काय हवं

ठाणे स्टेशनच्या आसपासची दुकानं, वाशीचं सेक्टर १७, किंवा एक दिवस काढून थेट मुंबईतलं इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट, लॅमिंग्टन रोड. भाव कुठेही विचारा, पण जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची ३ वर्षांची असते, काही एसएसडींची ५. सीगेट आणि वेस्टर्न डिजिटलच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी दुकानातच तपासता येते. नंबर दुसऱ्या देशातला किंवा आधीच सुरू झालेला दाखवत असेल तर तो खोका परत द्या. ‘बिलाशिवाय तीनशे रुपये कमी’ हा सौदा करू नका. पहिल्याच वर्षी ड्राइव्ह गेला तर तीनशे रुपयांत सगळी किंमत बुडते.

ऑनलाइन दिसणाऱ्या ‘१६ टीबी एसएसडी, फक्त अडीच हजार’ या जाहिराती सरळ बनावट असतात. आत एखादं ६४ जीबीचं मेमरी कार्ड आणि १६ टीबी असल्याचं खोटं सांगणारी चिप असते. कॉपी होताना सगळं सुरळीत दिसतं, फाइलींची नावंही दिसतात. ६४ जीबीनंतरच्या फायली मात्र उघडत नाहीत, कारण त्या कुठे लिहिल्याच गेलेल्या नसतात. खिशात मावणाऱ्या अडीच इंची हार्ड डिस्क २०२४ मध्ये ६ टीबीपर्यंत पोचल्या. पोर्टेबल एसएसडी ८ टीबीपर्यंत मिळतात, पण चांगल्या लॅपटॉपच्या किमतीत. याहून मोठा आकडा आणि छोटी किंमत दिसली की पुढे चला.

सुट्या केसिंगमध्ये भरलेली ‘नवीन’ डिस्क विकणारेही असतात. आत जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क असते. ते खाली सांगितलेल्या तपासणीत लगेच उघडं पडतं.

पहिल्या दिवशी

रिकाम्या ड्राइव्हवर करायच्या या गोष्टी आहेत, डेटा टाकल्यावर करता येत नाहीत. म्हणून घाई करू नका.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उतरवा. त्यात आकडे सुरुवातीला हेक्समध्ये दिसतात, ते गोंधळात टाकतात. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, मग रॉ व्हॅल्यूज, आणि तिथे १० म्हणजे डेसिमल निवडा. आता पॉवर ऑन अवर्स बघा. नव्या ड्राइव्हला शून्य किंवा एक-दोन तास हवेत. हजारांत आकडा असेल तर माल जुना. हार्ड डिस्क असेल तर पुढे ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा: बदलून टाकलेले, संशयित आणि न वाचता येणारे सेक्टर. नव्या डिस्कवर तिन्ही ठिकाणी शून्य हवं. एक जरी आकडा दिसला तरी ड्राइव्ह त्याच दिवशी बदलून मागा.

मग पूर्ण लिहून-वाचून तपासा. विंडोजला एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सला एफ३. ही साधनं सगळी जागा ठरावीक डेटाने भरतात आणि मग तो सगळा परत वाचून जुळवतात. २ टीबीच्या हार्ड डिस्कला लिहायला साडेपाच-सहा तास आणि वाचायला तेवढेच. संध्याकाळी लावा, लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा, चार्जर लावून ठेवा. चूक न निघता संपलं तर क्षमता खरी आहे आणि प्रत्येक जागा एकदा वापरून झाली आहे. नवा माल बिघडणारच असेल तर अशा भारात, दुकानदार बदलून देतो त्या मुदतीतच बिघडलेला बरा.

नंतर फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फायली मांडायची पद्धत ठरवणं. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. फक्त मॅक असेल तर एपीएफएस, आणि टाइम मशीनला वेगळं पार्टिशन द्या. दोन्ही असतील तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटमध्ये जर्नल (चालू लिखाणाची नोंद) नसतो, म्हणजे लिहिता लिहिता केबल निघाली किंवा महावितरणची वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला तर फोल्डरची मांडणीच बिघडू शकते. एक्सफॅट वापरायचा असेल तर ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय ड्राइव्ह काढायचाच नाही. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

एन्क्रिप्शन याच वेळी करा. घरच्या ड्राइव्हवर काय काय असतं ते आठवा: आधार-पॅनचे स्कॅन, आयटीआर, फ्लॅटचा करारनामा, सिडकोच्या लीज डीडची प्रत, तुम्ही सोसायटीचे सचिव असाल तर सभासदांची शेअर सर्टिफिकेटं आणि कन्व्हेयन्सची कागदपत्रं. ड्राइव्ह हरवला तर हे सगळं कुणाच्याही हाती. आणखी एक कारण फारसं कुणी सांगत नाही. वॉरंटीत ड्राइव्ह दिला की बदली ड्राइव्ह मिळतो, जुना परत येत नाही. बंद पडलेला ड्राइव्ह तुम्ही पुसूही शकत नाही. एन्क्रिप्ट केलेला असेल तर निर्धास्तपणे देता येतो.

विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे. विंडोज होमवर बिटलॉकर लावता येत नाही, लावलेला ड्राइव्ह उघडता मात्र येतो. होमवाल्यांना व्हेराक्रिप्ट, ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मॅकवर फॉरमॅट करतानाच ‘एपीएफएस एन्क्रिप्टेड’ निवडा. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर छापा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, त्याच ड्राइव्हवर नव्हे. पासवर्ड आणि की दोन्ही गेले तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. घरातल्या आणखी एका माणसाला पासवर्ड माहीत असायलाच हवा.

बॅकअप आपोआप व्हायला हवा

हाताने कॉपी-पेस्ट दोन महिने टिकते, मग राहून जाते. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधली फाइल हिस्टरी चालू करा. ड्राइव्ह जोडलेला असताना ती आपोआप दर तासाला बदललेल्या फायलींच्या नव्या प्रती ठेवते आणि जुन्या कायम राखते. ‘जागा लागेपर्यंत’ हा पर्याय निवडा, नाहीतर ड्राइव्ह भरून थांबेल. विंडोज ११ मधलं ‘विंडोज बॅकअप’ नावाचं ॲप वेगळं आहे. ते वनड्राइव्हवर पाठवतं, तुमच्या ड्राइव्हवर काहीच ठेवत नाही. मॅकवर टाइम मशीन, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, ते चांगलं काम करतं.

फोल्डर जसेच्या तसे ठेवायचे असतील तर फ्रीफाइलसिंक बरं. त्यात ‘मिरर’ निवडलंत तर लॅपटॉपवर चुकून उडवलेला फोल्डर बॅकअपवरूनही उडतो. म्हणून त्यातल्या ‘व्हर्जनिंग’मध्ये एक वेगळा फोल्डर द्या. उडवलेलं आणि बदललेलं तिथे जमा होतं.

फोनसाठी: अँड्रॉइड केबलने जोडून डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचा) फोल्डर आणि व्हॉट्सॲपचा मीडिया फोल्डर उतरवा. सगळं गूगल फोटोजमध्येच असेल तर टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवून घ्यायच्या सेवेतून मागवा, भागाचा आकार ५० जीबी निवडा म्हणजे झिपची संख्या कमी राहते.

बॅकअप झाला की ड्राइव्ह काढून ठेवा. कायम जोडलेला ड्राइव्ह रॅन्समवेअरला (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) लॅपटॉपइतकाच उघडा असतो, दोन्ही एकदमच कुलूपबंद होतात. आठवड्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी दोन तास जोडा, बस.

दोन्ही ड्राइव्हवर मार्करने अ आणि ब लिहा, खाली वापर सुरू केल्याचा महिना. अ घरी, ब दुसऱ्या पत्त्यावर. डोंबिवलीला बहिणीकडे, पनवेलला आईकडे, बँकेच्या लॉकरमध्ये, कुठेही, पण त्याच इमारतीत शेजारी नको. आग, चोरी, पाणी हे एका इमारतीत एकदमच येतात. ऑफिसच्या ड्रॉवरचा विचार करत असाल तर आधी नियम बघा. ऐरोली-महापेच्या बऱ्याच आयटी कंपन्यांत ड्राइव्ह गेटच्या आत नेऊच देत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी भेटीगाठीच्या वेळी अ आणि ब यांची अदलाबदल करा.

आणि दर तीन महिन्यांनी उलटा प्रवास करून बघा: दुसऱ्या लॅपटॉपला ड्राइव्ह लावा, पासवर्ड टाका, वेगवेगळ्या वर्षांतल्या दहा-बारा फायली खरोखर उघडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. फाइलीचं नाव दिसणं म्हणजे फाइल शाबूत असणं नव्हे.

पावसाळा आणि खाडीची हवा

जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईची हवा ओलीच असते, आणि खाडीलगतच्या वाशी, कोपरखैरणे, कळवा भागांत तिच्यात मीठही असतं. पोर्टच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर धरतो आणि ड्राइव्ह कधी दिसतो, कधी नाही. झिपलॉक पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की ओलावा भरला, पुडी बदला.

एसी ऑफिसमधला थंड ड्राइव्ह बाहेरच्या दमट हवेत आला की त्यावर दव धरतं. घरी आल्याबरोबर जोडू नका. पिशवीतच अर्धा-पाऊण तास राहू द्या, मग काढा. बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कना कंपनी ३५ अंशांपर्यंतच चालवायला सांगते, आणि एप्रिल-मेमध्ये नवी मुंबईची दुपार त्याच्या वर जाते. मोठी कॉपी रात्री किंवा पंख्याखाली करा. ड्राइव्ह चालू असताना गादीवर, उशीवर ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत विसरू नका.

तळमजल्यावर राहत असाल तर २६ जुलै २००५ आठवा आणि ड्राइव्ह कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. सर्वांत वरच्या मजल्यावर असाल तर उलट: स्लॅबखालचा लॉफ्ट मे महिन्यात तापतो, तिथे नको.

बिघडलाच तर

चांगल्या पोर्टवर, चांगल्या केबलने हार्ड डिस्क ठराविक लयीत टकटक करत असेल तर ताबडतोब काढा. पुन्हा पुन्हा लावून बघण्यात उरलेलाही डेटा जातो. विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ विचारेल, नाही म्हणा. विंडोजचं चेकडिस्कही चालवू नका. ते फाइल सिस्टीम दुरुस्त करायला बघतं, मरत्या डिस्कवर आणखी ताण टाकतं आणि तुमच्या फायली वाचवणं हा त्याचा हेतूच नाही. दुसरी प्रत असेल तर इथेच विषय संपतो, ड्राइव्ह वॉरंटीत द्या.

दुसरी प्रत नसेल आणि डिस्क शांत पण मंद असेल, मध्येच अडकत असेल, तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरून तिची पूर्ण प्रत दुसऱ्या तेवढ्याच किंवा मोठ्या ड्राइव्हवर घ्या आणि पुढचे प्रयोग त्या प्रतीवर करा. टकटक करणारी किंवा पाण्यात पडलेली डिस्क घरी हाताळू नका. फ्रीजरमध्ये ठेवणं, तांदळात पुरणं, झाकण उघडून बघणं यातलं काहीही नको. डेटा रिकव्हरीवाल्याकडे देताना तपासणीचे पैसे किती, डेटा न मिळाल्यास किती द्यायचे, आणि डिस्क उघडायची झाली तर ती कुठे उघडणार, हे लेखी घ्या. साध्या खोलीत झाकण उघडलं की धुळीचा कणही हेडला पुरतो.

पाच वर्षं झालेला ड्राइव्ह चालत असला तरी मुख्य कामातून काढा आणि सिनेमे-गाण्यांना द्या. कुणाला देण्याआधी हार्ड डिस्कला ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारा, विंडोज तेव्हा सगळीकडे शून्यं लिहितं. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली एसएसडी असेल तर नव्याने फॉरमॅट पुरे. एन्क्रिप्ट न केलेली, मेलेली हार्ड डिस्क ई-कचऱ्यात देण्याआधी जाड कापडात गुंडाळा आणि तबकडीवर हातोडा घाला. डोळ्यांना गॉगल लावा, अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात.